एडिसनची न थकणारी बॅटरी

सकाळी शंभर टक्के चार्ज केलेला मोबाइल दुपारच्या जेवणापर्यंत मान टाकू लागला, की घरोघरी एकच चर्चा सुरू होते. बॅटरी बदलायची, की आता नवा फोनच घ्यायचा? घरातल्या तरुणांना फोन म्हातारा झाल्यासारखा वाटतो. वडीलधाऱ्यांना मात्र बाकी सगळे नीट चाललेले यंत्र टाकून देणे जिवावर येते.

प्रश्न आजचा वाटतो, पण तो तसा जुना आहे. यंत्राचे आयुष्य वेगळे आणि त्याला शक्ती पुरवणाऱ्या बॅटरीचे आयुष्य वेगळे, ही अडचण तारायंत्राच्या काळापासून माणसाच्या मागे लागली आहे. तिच्याशी कमालीच्या चिकाटीने झुंजलेला एक माणूस आपल्याला विजेच्या दिव्यासाठी ठाऊक आहे. थॉमस अल्वा एडिसनने पन्नाशी ओलांडल्यानंतरची जवळपास दहा वर्षे एकाच ध्यासात घालवली : गाडी मोडीत निघाली तरी टिकून राहील अशी बॅटरी बनवायची. ती त्याने बनवलीही. पण पुढे जे घडले, त्यात आपल्या खिशातल्या फोनसाठी एक धडा आहे.

तारघरातला मुलगा

एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या मिलान या गावी झाला. सात भावंडांत तो सगळ्यात धाकटा. शाळेत त्याचे फार काळ जमले नाही. आई पूर्वी शिक्षिका होती, तिने त्याला घरीच शिकवले. कुटुंब मिशिगनमधील पोर्ट ह्युरॉनला राहायला गेल्यावर बाराव्या वर्षी तो रेल्वेगाडीत वर्तमानपत्रे आणि खाऊ विकू लागला. सामानाच्या डब्यात त्याने आपली छोटी रसायनशाळाही थाटली होती.

याच वयात त्याला कमी ऐकू येऊ लागले. रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याने कानशिलात मारली म्हणून बहिरेपण आले, ही गोष्ट खूप प्रसिद्ध आहे. वैद्यकीयदृष्ट्या अधिक पटणारे कारण म्हणजे लहानपणी झालेला स्कार्लेट फीवर आणि मधल्या कानाचा वारंवार होणारा संसर्ग. प्रतिजैविके नव्हती त्या काळात फुटलेला, वाहणारा कान पुष्कळ मुलांचे ऐकणे कायमचे हिरावून नेत असे. एडिसनला पुढे उतारवयात कानामागच्या हाडाच्या शस्त्रक्रियाही कराव्या लागल्या.

१८६२ मध्ये त्याने एका स्टेशनमास्तरच्या लहान मुलाला रुळांवरून वाचवले. त्या उपकाराची फेड म्हणून स्टेशनमास्तरने त्याला तारायंत्र शिकवले. बहिरेपणा इथे आड आला नाही. समोरच्या यंत्राची कडकट त्याला ऐकू येई आणि आजूबाजूचा गोंगाट येत नसे.

त्या काळची तारघरे बॅटरीवर चालत. काचेच्या बरण्यांत मोरचूद, तांबे आणि जस्त, नाहीतर तीव्र आम्ले. जस्त हळूहळू झिजून जाई, पाणी आटे, मग बरणी साफ करून नवे जस्त बसवायचे. वर टेबलावर बसवलेले तारायंत्र मात्र वर्षानुवर्षे तेच राही. बॅटरी ही झिजणारी आणि बदलायची वस्तू आहे, हे तिथल्या कोणालाही सांगावे लागत नसे.

एडिसनला या बरण्यांचे वेड होते. १८६७ मध्ये केंटकी राज्यातल्या लुईव्हिल इथे रात्रपाळीत असताना तो शिशाच्या बॅटरीवर प्रयोग करत बसला आणि सल्फ्युरिक आम्ल सांडले. ते फळ्यांच्या फटींतून खाली झिरपून थेट साहेबांच्या खोलीत, त्यांच्या टेबलावर आणि गालिच्यावर पोचले. दुसऱ्या दिवशी वीस वर्षांच्या एडिसनची नोकरी गेली.

फोनला बॅटरी जोडणारा

१८७६ मध्ये ग्रॅहॅम बेलने टेलिफोनचे पेटंट घेतले. बेलच्या यंत्रात बोलणाऱ्याच्या आवाजानेच पडदा हलून क्षीण वीज तयार होई. बॅटरी लागत नसे, पण थोड्या अंतरावरच आवाज विरून जाई. एडिसनने १८७७ मध्ये कोळशाच्या काजळीची एक चकती वापरली. आवाजाच्या दाबाने ही चकती कमीजास्त दाबली गेली, की तिच्यातून जाणारा बॅटरीचा प्रवाह कमीजास्त होई. म्हणजे आवाजाने वीज तयार करायची नाही, बॅटरीच्या विजेला नुसते वळण द्यायचे. आवाज एकदम ठळक झाला. हीच कल्पना पुढे शंभर वर्षे जगभरच्या टेलिफोनमध्ये राहिली.

तेव्हापासून फोन आणि बॅटरी यांची गाठ पडली. सुरुवातीला प्रत्येक ग्राहकाच्या घरी फोनच्या पेटीत बॅटरीचे घट असत. ते क्षीण झाले, की बदलले जात आणि फोन भिंतीवर तसाच राही. पुढे ही बॅटरी ग्राहकाच्या घरातून टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली आणि लोक तिला विसरूनच गेले. मोबाइलने ती पुन्हा आपल्या खिशात आणून ठेवली.

याच १८७७ मध्ये ग्रामोफोनचा पूर्वज असलेला फोनोग्राफ आला. कमी ऐकू येणारा हा माणूस यंत्राच्या लाकडावर दात रोवून आवाज तपासत असे. कंपने दातांतून, जबड्याच्या हाडातून थेट आतल्या कानापर्यंत पोचतात. बाहेरचा आणि मधला कान बिघडलेल्या माणसालाही असे ऐकू येते. आज काही श्रवणयंत्रे याच तत्त्वावर चालतात.

पुढचा भाग सर्वांना माहीत आहे. १८७९ मध्ये दिवा आणि सप्टेंबर १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरचे वीजकेंद्र. नंतर मात्र उतार लागला. एकदिश प्रवाहाचा त्याचा आग्रह प्रत्यावर्ती प्रवाहापुढे टिकला नाही. न्यूजर्सीच्या डोंगरात लोहखनिज वेगळे करण्याच्या उद्योगात त्याने मिळवलेली संपत्ती घातली आणि गमावली. विसावे शतक उजाडले तेव्हा एडिसन त्रेपन्न वर्षांचा होता आणि नव्या कामाच्या शोधात होता.

शिशाचा आजार

त्या वेळी अमेरिकेच्या रस्त्यांवर तीन प्रकारच्या मोटारी होत्या. वाफेच्या, पेट्रोलच्या आणि विजेच्या. विजेच्या गाडीला धूर नव्हता, आवाज नव्हता आणि हँडल फिरवून हात मोडून घेण्याची भीतीही नव्हती. तिचे दुखणे एकच होते, ते म्हणजे बॅटरी.

फ्रान्सच्या गॅस्टन प्लांते याने १८५९ मध्ये शोधलेली शिसे आणि आम्लाची बॅटरी पुन्हा पुन्हा चार्ज होत असे, पण तिला म्हातारपण लवकर येई. अर्धवट उतरलेल्या अवस्थेत ती पडून राहिली, की पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक धरत. खाचखळग्यांच्या रस्त्यावर हादरे बसून पट्ट्यांवरचे द्रव्य झडून तळाशी साचे. आम्ल गाडीचे लाकूड आणि लोखंड खाई. शिवाय वजन प्रचंड. गाडी धडधाकट असतानाच बॅटरी मान टाकी आणि नवी बॅटरी परवडत नाही म्हणून गाडी कोपऱ्यात जाई. आजच्या फोनची गोष्ट याहून फार वेगळी नाही.

१८८० च्या दशकात एडिसन साठवणीच्या बॅटरीकडे आणि तिच्या नावाने पैसे गोळा करणाऱ्यांकडे संशयाने पाहत असे. आता त्याने स्वतःच त्यात उडी घेतली. त्याचा विचार सरळ होता. शिसे आणि आम्ल एकमेकांना झिजवतात, तर आम्लच काढून टाकावे. आम्लाऐवजी पोटॅशचे क्षारयुक्त द्रावण आणि शिशाऐवजी त्या द्रावणात न विरघळणारे धातू. वेस्ट ऑरेंजच्या प्रयोगशाळेत हजारो चाचण्या झाल्या. अखेर एका बाजूला लोह आणि दुसऱ्या बाजूला निकेल ही जोडी ठरली. स्वीडनमध्ये वाल्डेमार युंगनर हा शास्त्रज्ञ त्याच सुमारास स्वतंत्रपणे याच जोडीपाशी पोचला होता आणि पेटंटवरून दोघांत वाद झाला. श्रेय एकट्या एडिसनचे नाही, हे इथे नोंदवायला हवे.

१९०१ मध्ये एडिसनने बॅटरीची कंपनी काढली. १९०३ मध्ये माल बाजारात आला. त्याआधीच वर्तमानपत्रांत मोठमोठे दावे झाले होते आणि ते करण्यात एडिसन स्वतः आघाडीवर होता. व्यापाऱ्यांच्या सामान पोचवणाऱ्या गाड्यांत या बॅटऱ्या बसल्या. थोड्याच महिन्यांत तक्रारी येऊ लागल्या. डब्यांचे सांधे गळत होते. त्याहून गंभीर म्हणजे अनेक घटांची क्षमता भराभर कमी होत होती. निकेलच्या बाजूला वीज वाहून नेण्यासाठी मिसळलेले ग्रॅफाइट फुगत होते, त्याचा निकेलशी संपर्क सुटत होता. बॅटरी बाहेरून ठणठणीत दिसे, आतून निकामी झालेली असे.

१९०४ : एक वर्ष, दोन धक्के

१९०४ च्या अखेरीस एडिसनने कारखाना थांबवला आणि सदोष बॅटऱ्या परत घेतल्या. पैसा होता तो खर्चून गेला होता. दाव्यांची टिंगल होत होती. चालेल तसे चालू द्यावे आणि खपेल तितके खपवावे, हा मार्ग मोकळा होता, पण तो त्याने घेतला नाही.

त्याच वर्षी प्रयोगशाळेने एक माणूस गमावला. क्ष-किरणांचा शोध लागल्यावर १८९६ मध्ये एडिसनने शरीराच्या आतले चित्र पडद्यावर दाखवणारे यंत्र बनवले होते. क्लॅरेन्स डॅली हा त्याचा साहाय्यक. नळी नीट चालते का, हे तपासण्यासाठी तो दिवसचे दिवस स्वतःचा हात किरणांसमोर धरत असे. त्या काळी किरणांचे अपाय कोणाला पुरते कळले नव्हते. आधी त्वचा भाजली, मग जखमा भरेनात, मग कर्करोग झाला. दोन्ही हात कापावे लागले, तरी रोग थांबला नाही. ऑक्टोबर १९०४ मध्ये तो गेला. अमेरिकेत क्ष-किरणांनी घेतलेल्या पहिल्या बळींत त्याचे नाव घेतले जाते. एडिसनच्या स्वतःच्या डोळ्यांनाही त्रास झाला होता. त्याने क्ष-किरणांचे काम कायमचे सोडून दिले.

बॅटरीचे काम मात्र त्याने सोडले नाही. पुढची पाच वर्षे दुरुस्तीत गेली. ग्रॅफाइट काढून त्याच्या जागी निकेलचे अत्यंत पातळ पापुद्रे आले. हे पापुद्रे बनवण्याची युक्तीही खास होती. तांबे आणि निकेलचे आलटून पालटून थर चढवायचे आणि मग तांबे विरघळवून टाकायचे. उरलेले निकेलचे पापुद्रे आणि निकेल हायड्रॉक्साइड यांचे शेकडो थर एकेका पोलादी नळीत ठासून भरायचे. गळणारे सांधे जाऊन जोडकाम पक्के झाले. द्रावणात थोडे लिथियम हायड्रॉक्साइड घातले, की क्षमता आणि आयुष्य दोन्ही वाढतात, हेही याच काळात त्याला सापडले. आज आपल्या फोनमध्ये जे लिथियम आहे, त्याचे काम वेगळे आहे. पण बॅटरीच्या दुनियेत या धातूचा असा प्रवेश शंभर वर्षांपूर्वी झाला होता, हे गमतीचे आहे.

चाचण्या निर्दय होत्या. बॅटऱ्या यंत्रावर हादरवल्या जात, गाड्यांत घालून खराब रस्त्यांवर पळवल्या जात. प्रयोगशाळेच्या वरच्या मजल्यांवरून त्या खाली टाकल्या जात, असेही त्याचे चरित्रकार सांगतात. १९०९ मध्ये नवी बॅटरी तयार झाली आणि या वेळी ती खरी उतरली. ती अर्धवट उतरून पडून राहिली तरी बिघडत नसे. वर्षांनी क्षमता घटली तर आतले द्रावण बदलून तिला पुन्हा तरतरी आणता येई. म्हणजे बॅटरीही टाकायची नाही, तिच्यातले बदलण्याजोगे तेवढे बदलायचे.

बॅटरी टिकली, गाडी गेली

पण दहा वर्षांत जग पुढे गेले होते. या बदलात एडिसनचाही हात होता. १८९६ मध्ये त्याच्याच नावाच्या वीज कंपनीतला एक तरुण इंजिनियर त्याला एका मेजवानीत भेटला होता आणि पेट्रोल इंजिनाच्या त्याच्या कल्पनेला एडिसनने मनापासून प्रोत्साहन दिले होते. त्या तरुणाचे नाव हेन्री फोर्ड. १९०८ मध्ये फोर्डची मॉडेल टी गाडी आली आणि पुढे तिची किंमत खाली येत गेली. १९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीत इंजिन चालू करणारा विजेचा स्टार्टर बसला आणि हँडल मारण्याची कटकट संपली. विजेच्या मोटारीचा एक मोठा फायदा एका झटक्यात गेला.

त्या स्टार्टरलाही बॅटरी हवीच होती, पण एडिसनची नव्हे. स्टार्टरला क्षणभर खूप मोठा प्रवाह लागतो. निकेल आणि लोहाच्या बॅटरीतला अंतर्गत रोध जास्त असल्याने तिला तो झेपत नसे, थंडीत तर ती अगदीच मंदावे. शिवाय ती महाग होती आणि नुसती ठेवली तरी लवकर उतरे. शिशाची स्वस्त, अल्पायुषी बॅटरी तिथे जिंकली आणि आजही बहुतेक मोटारींत तीच आहे. फोर्ड आणि एडिसन यांनी मिळून विजेची गाडी काढण्याचे १९१४ मध्ये जाहीर झाले, पण ती कधी बाजारात आली नाही.

एडिसनची बॅटरी मग दुसऱ्या वाटेने लोकांच्या उपयोगी पडली. रेल्वेचे सिग्नल, डब्यांतले दिवे, कारखान्यांतल्या मालगाड्या, आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे कोळशाच्या खाणी. खाणकामगार टोपीवर उघड्या ज्योतीचा दिवा लावून खाली उतरत. खाणीत मिथेन साचला असेल तर तीच ज्योत स्फोटाला कारण होई. एडिसनने पट्ट्याला अडकवण्याजोगी पोलादी बॅटरी आणि टोपीवरचा विजेचा दिवा तयार केला. पाळी संपली की दिवा चार्जिंगला लावायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा घेऊन उतरायचे. १९१४ नंतर हे दिवे खाणींत पसरत गेले. त्या दिव्यांनी किती जीव वाचवले याचा हिशेब मांडता येत नाही, पण त्याच्या नावावरच्या मोठ्या शोधांच्या यादीत हा दिवा क्वचितच असतो.

एक दुर्घटनाही याच बॅटरीच्या नावावर आहे. शिशाच्या बॅटरीत समुद्राचे पाणी शिरले, तर विषारी क्लोरीन वायू सुटतो आणि पाणबुडीत तो जीवघेणा ठरतो. एडिसनच्या बॅटरीत आम्लच नसल्याने हा धोका नव्हता, म्हणून अमेरिकी नौदलाने ई-२ या पाणबुडीत ती बसवून पाहिली. पण या बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो. १५ जानेवारी १९१६ रोजी ब्रुकलिनच्या नौदल गोदीत पाणबुडीत साचलेल्या हायड्रोजनचा स्फोट झाला आणि काहीजणांचा मृत्यू झाला. दोष बॅटरीचा की हवा खेळती ठेवण्यातल्या हयगयीचा, यावर वाद झाला. एक धोका टाळताना दुसरा दाराशी येतो, हे औषधांइतकेच बॅटरीलाही लागू आहे.

एडिसनच्या अखेरच्या वर्षांत मधुमेहाने त्याला ग्रासले. पोटाच्या तक्रारींमुळे तो जवळजवळ केवळ दुधावर राहू लागला होता. आहार इतका तोडणे मधुमेहाच्या रुग्णासाठी शहाणपणाचे नव्हे, पण ऐकण्याचा त्याचा स्वभाव नव्हता. १८ ऑक्टोबर १९३१ रोजी वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्याचे निधन झाले. अंत्यसंस्काराच्या रात्री अमेरिकेत लोकांनी मिनिटभर दिवे मालवून त्याला निरोप दिला. त्याच्या बॅटरीचे उत्पादन त्याच्या मागे आणखी चाळीस वर्षे, १९७० च्या दशकापर्यंत चालू राहिले.

आपल्या खिशातली बॅटरी

एडिसनने यंत्रापेक्षा जास्त जगणारी बॅटरी बनवली. आज आपली अडचण उलटी आहे. फोनचा पडदा, कॅमेरा, आतली चिप अनेक वर्षे चालू शकतात. १९९१ मध्ये बाजारात आलेली लिथियम-आयन बॅटरी वजनाला हलकी आणि ताकदीला दांडगी, पण आयुष्याने मर्यादित. दर चार्जिंगला तिच्यातले थोडे लिथियम ग्रॅफाइटवर जमणाऱ्या एका पातळ थरात अडकून पडते. तो थर वाढतो, अंतर्गत रोध वाढतो. उष्णता आणि सतत शंभर टक्के भरलेले राहणे, या दोन्हींनी हे म्हातारपण लवकर येते. भर उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला, किंवा उशीखाली रात्रभर चार्जिंगला लावलेला फोन आपले आयुष्य स्वतःच कमी करत असतो.

रोध वाढला, की मोठे काम करताना व्होल्टेज एकदम खाली येते. मग वीस टक्के दिसत असतानाच फोन बंद पडतो. तसे होऊ नये म्हणून काही फोन आपला वेग आपणहून कमी करतात. २०१७ मध्ये ॲपल कंपनीने जुन्या बॅटरीच्या फोनबाबत हे मान्य केले, तेव्हा मोठा गदारोळ झाला. पुष्कळांनी मंद झालेला फोन म्हातारा समजून बदलला होता, पण नुसती बॅटरी बदलल्यावर तोच फोन पूर्ववत चालू शकत होता.

दवाखान्यात हे नेहमी दिसते. साठीच्या बाई धाप लागते, थकवा येतो म्हणून येतात. घरचे म्हणतात वय झाले. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन सात. कारण शोधून उपचार केले आणि लोहाची कमतरता भरून काढली, की त्याच बाई पुन्हा बाजारहाट करू लागतात. थकवा दिसला की म्हातारपण गृहीत धरायचे नाही, आधी तपासायचे. पेसमेकरची बॅटरी संपत आली, की छातीच्या त्वचेखालची डबी बदलतात, पण हृदयात गेलेल्या तारा चांगल्या असतील तर तशाच ठेवतात. जे झिजले तेवढेच बदलायचे, हा तिथलाही नियम आहे.

फोनचेही तसेच करावे. बहुतेक नव्या फोनच्या सेटिंगमध्ये बॅटरीचे आरोग्य पाहता येते. मूळ क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांखाली गेली असेल आणि फोनची बाकी तब्येत चांगली असेल, तर बॅटरी बदलणे नव्या फोनच्या तुलनेत फार कमी खर्चात होते. कंपनीच्या अधिकृत केंद्रातून, नाहीतर बीआयएस नोंदणी असलेली बॅटरीच घ्यावी. रस्त्यावरची स्वस्त नक्कल बॅटरी आगीला आमंत्रण ठरू शकते. फोन उघडल्यावर त्याची पाण्यापासूनची सुरक्षा पूर्वीइतकी राहीलच असे नाही, हेही लक्षात ठेवावे.

नवा फोन घ्यावा, असे प्रसंगही आहेत. कंपनीकडून येणारे सुरक्षेचे अपडेट बंद झाले असतील आणि त्याच फोनवरून बँकेचे व्यवहार होत असतील, तर बॅटरी बदलून धोका टळत नाही. मुख्य सर्किट बिघडले असेल, किंवा पडदा आणि बॅटरी दोन्ही बदलावे लागत असतील, तर हिशेब नव्या फोनच्या बाजूने झुकतो.

एका बाबतीत मात्र हिशेब करत बसू नये. फोनची पाठ उचलली गेली, पडदा वर आला, म्हणजे बॅटरी फुगली. आत वायू साठलेला असतो. असा फोन लगेच बंद करावा, चार्जिंगला लावू नये, दाबू नये, टोचू नये, आणि शक्य तितक्या लवकर सेवा केंद्रात न्यावा. जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नये. कचरागाडीत ती दाबली गेली तर आग लागू शकते. भारतात २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची व्यवस्था करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. युरोपीय संघाने तर फेब्रुवारी २०२७ पासून लहान उपकरणांतल्या बॅटऱ्या वापरणाऱ्याला स्वतः काढता येतील अशाच असाव्यात, असा सर्वसाधारण नियम केला आहे.

तारघरातल्या पोरांना झिजलेले जस्त बदलताना तारायंत्र फेकून द्यावे, असे कधी वाटले नाही. पुढच्या वेळी फोन दुपारीच मान टाकेल, तेव्हा दुकानात जाण्याआधी सेटिंग उघडून नेमके कोण थकले आहे, ते एकदा पाहून घ्यावे.